ब्रॉवर्डमधल्या घराला इम्पॅक्ट खिडक्या: काच एक नंबर, कंपनी ठीकठाक, आणि गॅरेजच्या दाराकडे कुणी बघतच नाही

इम्पॅक्ट खिडक्या, म्हणजे वादळात उडत येणाऱ्या वस्तूंचा मार झेलणाऱ्या, बसल्या, फायनल इन्स्पेक्शन पास झालं, परमिट क्लोज झालं, आता मोकळेपणी लिहितो. घर दक्षिण फ्लोरिडात, ब्रॉवर्ड काउंटीत, ऐंशीच्या दशकातलं, एकमजली, काँक्रीट ब्लॉकच्या भिंती आणि वर लाकडी ट्रसचं (त्रिकोणी सांगाड्यांचं) छप्पर, म्हणजे या भागात गल्लोगल्ली दिसतं तसलंच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण इथे एकाच कंपनीचा सेल्समन वेगळा आला किंवा बसवणारी टोळी वेगळी आली की अनुभव पार बदलतो, त्यापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगितलेलं बरं.

आधी नियमाचं बोलू कारण इथे तुम्ही खिडकी विकत घेत नाही, नियम विकत घेता असं मला शेवटी वाटायला लागलं. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्या फ्लोरिडा बिल्डिंग कोडमध्ये वेगळ्या काढल्यात, त्यांना हाय व्हेलॉसिटी हरिकेन झोन म्हणतात, आणि साध्या घरासाठी डिझाइनचा वारा, म्हणजे ज्याला घर टिकलं पाहिजे तो, ब्रॉवर्डला ताशी १७० मैल, मायामी-डेडला १७५ मैल धरतात. हे सगळं अँड्र्यू चक्रीवादळानंतर आलं. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू होमस्टेडच्या बाजूने आत शिरलं आणि नुसत्या डेड काउंटीत (आताची मायामी-डेड) २५ हजारांच्या वर घरं गेली, आणि नंतर इंजिनिअर लोक ढिगारे बघत फिरले तेव्हा कळलं की कित्येक ठिकाणी छपराचं प्लायवूड खिळ्यांऐवजी स्टेपलने ठोकलेलं आणि त्यातले बरेच स्टेपल खालच्या ट्रसला लागलेलेच नाहीत, हवेतच. पाट्या टाकणारे सगळीकडे असतात, अमेरिका असली म्हणून काय झालं. मग १९९४ ला दक्षिण फ्लोरिडाच्या कोडमध्ये उडत्या वस्तूंच्या टेस्टचा नियम आला आणि १ मार्च २००२ पासून सगळ्या राज्याला एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड लागू झाला. त्यातही पॅनहँडलवाल्यांनी (राज्याचा वायव्येकडचा चिंचोळा पट्टा) स्वतःला सूट मिळवून ठेवली होती, किनाऱ्यापासून मैलभर आत गेलं की खिडक्यांना संरक्षणाची सक्ती नाही, ती सूट २००७ च्या सुमाराला गेली, आणि २०१८ ला मायकल वादळाने तिथलं मेक्सिको बीच गाव धुवून नेलं तेव्हा जुनी घरं आणि नव्या कोडची घरं यातला फरक कुणालाही डोळ्याने दिसत होता.

आता खिडकीचा छपराशी काय संबंध, हे बायकोने विचारलं होतं आणि सेल्समनला नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितो. वारा छपरावरून जाताना छपराला वर ओढतच असतो, ते ओढणं ट्रसच्या पट्ट्या आणि खिळे सहन करतात. पण वाऱ्याच्या तोंडावरची एक मोठी खिडकी किंवा गॅरेजचं दार फुटलं की वारा घरात घुसतो, घरातला दाब वाढतो आणि छपराला खालूनही ढकलायला लागतो, म्हणजे वरून ओढ आणि खालून ढकल, छत्री उलटी होते तसं. त्यामुळे खिडकी वाचवायची ती पाऊस आत येऊ नये म्हणून, हा सगळ्यात कमी महत्त्वाचा मुद्दा आहे. आणि हो, काचेवर टेपने फुली मारून काहीही होत नाही, उलट तुटलेल्या काचेचे मोठे धारदार तुकडे एकत्र राहतात, तरी दर सीझनला आमच्या गल्लीत कुणाच्या तरी खिडकीवर निळी टेप दिसतेच.

काचेची टेस्ट मात्र बघण्यासारखी असते, व्हिडिओ मिळतात. टू बाय फोर लाकडाचा ९ पौंडांचा ओंडका तोफेतून सेकंदाला ५० फूट वेगाने काचेवर मारतात, एकदा मध्यभागी, एकदा कोपऱ्याजवळ. काच तडकते, जाळं होतं, ते चालतं. आतल्या प्लास्टिकच्या थराने ती धरून ठेवली पाहिजे आणि आरपार भोक पडता कामा नये, आणि त्यानंतर त्याच फुटलेल्या काचेवर हजाराहून जास्त वेळा दाब द्यायचा-काढायचा, आतून बाहेर आणि बाहेरून आत, कारण खरं वादळ तासन्तास झटके देत बसतं, एकदा मारून निघून जात नाही. जमिनीपासून ३० फुटांपर्यंतच्या खिडक्यांना ही ओंडक्याची टेस्ट, त्याच्या वरच्या मजल्यांना बारीक पोलादी गोळ्यांची. टेस्ट पास झाली की मायामी-डेड काउंटी त्या मालाला नोटीस ऑफ ॲक्सेप्टन्स देते, सगळे एनओए म्हणतात. त्यात नंबर असतो, एक्सपायरी असते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्रॉइंग असतं, कुठे किती अंतरावर कसला स्क्रू मारायचा. मी सगळ्या सेल्समनकडे पहिली गोष्ट एनओए नंबर मागितला. एकाने ब्रोशर दिलं. एक म्हणाला सर आमचं सगळं कोड अप्रूव्ह्ड आहे काळजीच करू नका. त्यांना चहा पाजून रवाना केलं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. कोटेशन मागवायच्या आधी विंड मिटिगेशन इन्स्पेक्शन, म्हणजे घर वाऱ्याला कितपत तोंड देईल त्याची तपासणी, करून घ्या. शंभर डॉलरच्या आसपास घेतात, लायसन्सवाला माणूस येतो, अर्धा-पाऊण तास काम असतं. आमच्याकडे आलेला माणूस वयस्कर, कमी बोलणारा, टॉर्च घेऊन थेट ॲटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) चढला, इन्सुलेशन बाजूला सारून ट्रस भिंतीला कशाने बांधलाय त्याचे फोटो काढले, खिळ्यांमधलं अंतर टेप लावून मोजलं आणि टेपसकट फोटो घेतला. हे सगळं ओआयआर-बी१-१८०२ नावाच्या फॉर्मवर जातं, राज्यभर तोच फॉर्म, ५ वर्षं चालतो, आणि इन्शुरन्स कंपनीला त्यावरून डिस्काउंट द्यावाच लागतो, कायदाच आहे तसा. छप्पर चारी बाजूंनी उतरतं का, ट्रसला नुसते तिरके खिळे आहेत की क्लिप आहे की वरून गुंडाळून पलीकडे ठोकलेली पट्टी आहे, प्लायवूडचे सांधे चिकटपट्टीने बंद केलेत का, असं एकेक बघतात. आमचं छप्पर आधीच बदललेलं होतं आणि तेव्हा नियमाप्रमाणे प्लायवूड परत ठोकून घेतलं होतं त्यामुळे तिथे चांगले मार्क पडले.

खिडक्यांच्या रकान्यात मात्र एक गंमत आहे. तिथे सरासरी नसते. घराला जितकी काचेची भोकं आहेत त्यातलं सगळ्यात कमजोर जे, त्याचा ग्रेड अख्ख्या घराला. सगळ्या खिडक्या सोन्याच्या लावा आणि मुख्य दारावरची ती अर्धगोल शोभेची काच साधी राहू द्या, ग्रेड एक्स, म्हणजे सगळ्यात खालचा. स्कायलाइट, बाथरूममधली काचेच्या विटांची भिंत, सगळं धरतात. त्या माणसाने जाताना गॅरेजच्या दारासमोर उभं राहून वरच्या ओळीतल्या छोट्या चौकोनी काचांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, खिडक्या बदलाल तेव्हा हे विसरू नका, सगळे विसरतात. गॅरेजचं दार पूर्ण पत्र्याचं, बिनकाचेचं असतं तर ते काच नसलेल्या भोकात मोडलं असतं, मग सगळ्यात वरच्या ग्रेडचं अक्षर ए राहतं, पुढचा आकडा फक्त बदलतो. काच आली की खेळ संपला.

आणि खरंच, नंतर जेवढे सेल्समन आले त्यातल्या एकानेच गॅरेजच्या काचा मोजल्या. बाकीच्यांनी घराभोवती चक्कर मारली, खिडक्या मोजल्या, टॅबलेटवर बोटं फिरवली आणि इन्शुरन्स अर्धा होईल म्हणून सांगितलं. मी विचारलं गॅरेजचं काय, तर एक म्हणे सर ती खिडकी नाहीये! बरोबर आहे, खिडकी नाहीये, पण फॉर्मला कुठे माहितीये. ज्याने मोजल्या त्यालाच काम दिलं, तो सगळ्यात स्वस्त नव्हता. शिवाय इन्शुरन्स अर्धा वगैरे बोलाची कढी असते, डिस्काउंट प्रीमियमच्या वाऱ्याच्या भागावर मिळतो, पूर्ण रकमेवर नाही. तेव्हा सही करण्याआधी आपल्या एजंटला विचारायचं की फॉर्मवर हा ग्रेड आला तर माझं बिल किती होईल, तो आकडा काढून देतो. एजंटच्या आकड्याप्रमाणे आमचं बिल चांगलं उतरेल, पण खिडक्यांचा खर्च त्यातून वसूल व्हायला बरीच वर्षं जातील, त्या हिशोबाने घ्यायच्या असतील तर घेऊ नका.

सेल्सबद्दल अजून थोडं कारण इथे लोकांना शेंडी लावली जाते. आज सही केली तर ४ हजार डॉलर कमी, मॅनेजरला फोन लावतो, मग मॅनेजर फोनवर दुःखी आवाजात हो म्हणतो, हे नाटक ठरलेलं आहे. सही करू नका, उद्याही तोच भाव असतो. एक जण अजून सेल्स टॅक्स माफ आहे म्हणून सांगत होता, ती सवलत १ जुलै २०२२ ते ३० जून २०२४ होती, संपली. फायनान्सचं पण बघा, एका प्रकारात कर्ज तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात जाऊन बसतं आणि घर विकताना किंवा रीफायनान्स करताना डोकेदुखी होते, हे समोरचा आपणहून सांगत नाही. राज्याची माय सेफ फ्लोरिडा होम स्कीम मात्र खरी आहे, इन्स्पेक्शन फुकट आणि तुम्ही १ डॉलर घातला तर राज्य २ घालतं, जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत. पण मंजुरी यायच्या आधी काम सुरू केलं तर मिळत नाही, पैसे संपले की खिडकी बंद (ही दुसरी खिडकी), आणि आता कमी उत्पन्नवाले आणि ज्येष्ठ यांना आधी घेतात, त्यामुळे आम्ही त्या वाटेला गेलो नाही. तुमच्याकडे आईवडील राहत असतील आणि घर त्यांच्या नावावर असेल तर नक्की बघा.

परमिट सिटीकडून घ्यावं लागतं, बिनपरमिटचं करून देतो म्हणणारे भेटतील, हात जोडा. अर्जासोबत घराचा नकाशा, प्रत्येक खिडकीचा नंबर आणि त्या जागेला किती दाब लागतो ते लिहून द्यायचं असतं. इथे मला नवीन कळलं ते असं की घराच्या कोपऱ्याजवळच्या खिडकीला मधल्या खिडकीपेक्षा जास्त दाबाची लागते आणि बाहेर ओढणारा दाब आत ढकलणाऱ्यापेक्षा मोठा असतो. म्हणजे वादळात खिडकी आत येईल म्हणून आपण घाबरतो आणि खरी भीती ती बाहेर ओढली जाण्याची. म्हणून स्क्रू महत्त्वाचे.

आणि स्क्रूवरच आमची गाडी अडली. बसवायला आलेली टोळी मेहनती, बोलायला गोड, स्पॅनिशमध्ये गाणी लावून काम, जुन्या खिडक्या धडाधड काढल्या, घरात धुळीचं साम्राज्य, ते आपलं ठीक. पण सिटीचा इन्स्पेक्टर मधल्या इन्स्पेक्शनला आला (हे चौकटीच्या कडा प्लास्टरने बुजवायच्या आधी होतं, नंतर काही दिसत नाही म्हणून) आणि हातात एनओएचं ड्रॉइंग धरून मागच्या बेडरूमच्या खिडकीपाशी थांबला. ड्रॉइंगमध्ये कोपऱ्यापासून पहिला स्क्रू जितक्या अंतरात पाहिजे त्याच्या बाहेर होता, आणि चौकट आणि भिंत यातली फट भरायला घातलेल्या पट्ट्या एका बाजूला पाव इंचापेक्षा जाड. फट जास्त झाली की स्क्रूचा भिंतीत शिरलेला भाग कमी होतो, साधा हिशोब. लाल शेरा मारून गेला. टोळीचा मुकादम म्हणाला दहा वर्षं असंच बसवतोय, कुणी काही बोललं नाही. बोललं नसेल बाबा, पण ड्रॉइंग तुझ्याच कंपनीच्या मालाचं आहे. कंपनीने मग आठवडे लावले, फोन केला की शेड्युलिंगवाली बाई होल्डवर टाकायची, शेवटी खिडकी काढून लांब स्क्रू मारून परत बसवली, पैसे घेतले नाहीत. शेवटचा हप्ता मी फायनल इन्स्पेक्शन पास होईपर्यंत अडवून ठेवला होता, करारातच तसं लिहून घेतलं होतं, ते नसतं तर आठवड्यांचे महिने झाले असते असा माझा अंदाज. स्टार कापलाय तो इथे. इन्स्पेक्टरचं मात्र कौतुक, त्याने गुडघ्यावर बसून सगळ्या खिडक्यांचे स्क्रू मोजले.

एक बारीक गोष्ट, काचेवरचे स्टिकर फायनल होईपर्यंत काढू नका. कितीही घाण दिसले तरी. इन्स्पेक्टरला ते बघायचे असतात, आणि काढायच्या आधी प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा, कोपऱ्यात काचेवर कोरलेली खूण असते तिचाही, पुढे इन्शुरन्सवाले विचारतात.

आता वापरायला कशा आहेत. आवाज! शनिवारी सकाळी शेजाऱ्याचा लीफ ब्लोअर आता कुठेतरी लांब चालू असल्यासारखा वाटतो, हे एकच कारण मला पुरलं असतं. बाहेरच्या एसी युनिटची घरघर गेली. चोरालाही ही काच पटकन फुटायची नाही. उलट बाजूही हीच, आग लागली तर तुम्हालाही फुटायची नाही, त्यामुळे प्रत्येक बेडरूमची खिडकी पोरांना आतून उघडता येते का ते करून बघा, आमची मागची खिडकी सुरुवातीला जाम होती, रोलर ॲडजस्ट करून घेतले. पॅटिओचं सरकतं दार जड आहे, सासूबाई आल्या तेव्हा त्यांना दोन हातांनी ढकलावं लागलं. राखाडी टिंट घेतला तो स्वयंपाकघरात नको होता, दुपारीही दिवा लावावासा वाटतो. उन्हाची झळ मात्र कमी झाली, विजेचं बिल किती कमी झालं ते एवढ्यात सांगण्यात अर्थ नाही.

पाण्याबद्दल कुणीच नीट सांगत नाही म्हणून सांगतो. खिडकीची पाण्याची टेस्ट तिच्या वाऱ्याच्या डिझाइन दाबाच्या १५ टक्क्यांवर होते. म्हणजे काच आणि चौकट टिकेल, पण मोठ्या वादळात खालच्या पट्टीतून थोडं पाणी आत बुडबुडत येऊ शकतं, तो दोष नाही, जुने टॉवेल तयार ठेवायचे. बाहेरून खाली छोटी भोकं असतात ती पाणी जायला असतात, ती बघून एखादा हौशी हँडीमन सिलिकॉनने बुजवून टाकतो, त्याला आवरा.

शटर का नाही घेतले असं बऱ्याच जणांनी विचारलं. शटर स्वस्त पडतात आणि एनओएवाले शटर असतील तर फॉर्मवर तोच ए ग्रेड मिळतो, बजेट कमी असेल तर अकॉर्डियन शटर (घडी होऊन बाजूला सरकणारे) घ्या, काही कमीपणा नाही. ॲल्युमिनियमचे सुटे पत्रे त्याहून स्वस्त, पण ते शिडी लावून एकेक अडकवायचे आणि नटबोल्ट नेमके त्या दिवशी सापडत नाहीत, आणि आपण गावाला असलो तर कोण लावणार. २०१७ ला इर्मा वादळाच्या वेळी सगळे शटर बंद आणि वर लाइट गेलेले, दिवसाढवळ्या घरात मिट्ट काळोख आणि उकाडा, तेव्हाच बायकोने सांगून टाकलं होतं की पुढच्या वेळी काच. पूर्ण कॉलनीला एचओए (घरमालकांची संघटना) असेल आणि ते नाही म्हणत असतील तर २०२४ चा राज्याचा कायदा दाखवा, रंग-आकार त्यांनी ठरवावा, पण नियमात बसणारं वादळसंरक्षण लावूच नका असं त्यांना म्हणता येत नाही.

आणि इम्पॅक्ट खिडक्या आहेत म्हणून इव्हॅक्युएशन झोनमध्ये (वादळाआधी घर सोडायला सांगतात त्या भागात) घरी बसायचं नाही. समुद्राचं पाणी चढलं की त्याला एनओए कळत नाही.

एकूण खिडक्यांना ५ पैकी ५, कंपनीला ३, सिटीच्या इन्स्पेक्टरला मागाल तेवढे. गॅरेजचं दार अजून यायचंय, ऑर्डर गेलीय, ते वेगळ्या कंपनीला दिलं कारण खिडकीवाले दारासाठी पुढे दुसऱ्यालाच काम देतात आणि मध्ये स्वतःचं कमिशन लावतात, विचारल्यावर त्यांनी कबूल केलं. नवीन दार बिनकाचेचं घेतोय, बायकोला काचवालं आवडलं होतं, इम्पॅक्ट काचेचं मिळतंही, पण त्या चार छोट्या चौकोनांचे जे पैसे सांगितले ते ऐकून तिनेच कॅटलॉग बंद केला. गॅरेजवाल्याचं परमिट अजून सिटीत अडकलंय. नवीन फॉर्म मी त्यानंतरच काढणार आणि त्याच म्हाताऱ्याला बोलावणार, कुणाला ब्रॉवर्डमध्ये इन्स्पेक्टर हवा असेल तर ॲटिकमध्ये न चढता फोटो मागून फॉर्म भरून देणारे पण आहेत, त्यांच्या नादी लागू नका, इन्शुरन्स कंपनी स्वतःचा माणूस पाठवून परत तपासू शकते आणि मग डिस्काउंट गेला की गेला.